आपोआप बंद पडणारी भट्टी

एडमंटन, ५ डिसेंबर

प्रिय ताईस,
सप्रेम जय भीम.

पत्र बघून घाबरू नकोस. उदय माझा फोन रोज तपासतो, म्हणून हाताने लिहितेय. आपल्याकडची, उत्तनची रुथ इथे माझ्यासोबत कामाला आहे, ती याचा फोटो काढून तुला पाठवेल. तूही तिच्याच फोनवर पाठव.

इथे प्रत्येक घराच्या तळघरात गॅसची भट्टी असते, तिची गरम हवा घरभर फिरते. बाहेर उणे अठ्ठावीस, आणि आमची भट्टी मनाला येईल तेव्हा बंद पडते. चांगली चालते, मग एखाद्या संध्याकाळी गप्प. सकाळी आपोआप चालू! मेकॅनिक दोनदा आला, त्याच्यापुढे अगदी शहाण्यासारखी चालली. उदय म्हणतो, मीच हात लावून बिघडवते. परवा निकेतचे ओठ निळे पडले होते. चार वर्षांचं पोर ते, ताई. तू कारखान्यात भट्टी सांभाळतेस, तूच सांग काय बघू. बर्फावर घसरून मनगट दुखावलंय, म्हणून अक्षर वाकडं.

आईला इतक्यात सांगू नकोस. जीव लावतेस तसाच लाव.

तुझी मानसी

हाटकेश, ७ डिसेंबर

चि. मानसीस,
जय भीम आणि पोटभर आशीर्वाद.

अगं बये, इथे मी भट्टीसमोर घाम पुसतेय आणि तू उणे अठ्ठावीस म्हणतेस! ऐक. आमची पावडर कोटिंगची, पत्र्यावर रंग भाजायची भट्टीही अशीच नाटकं करते. आधी फिल्टर काढून बघ, धुळीने गच्च असेल. मग भिंतीतून बाहेर निघणारा पाइप बघ, बर्फाने त्याचं तोंड बुजलं तर भट्टी श्वास कुठून घेणार? आणि पुढच्या पत्र्याला बारकी काच असते, तिच्यात छोटा दिवा. बंद पडली की तो दिवा बघ. लुकलुकत असेल तर दोष भट्टीत आहे. दिवाच नसेल तर तिला वीज मिळत नाहीये, आणि विजेशिवाय गॅसची भट्टीही पेटत नाही.

आणि तू घसरलीस? लहानपणी पेणकरपाड्याच्या चिखलात कायम मीच आपटायचे, तू कधी नाही. खरं काय ते लिही. आईचे गुडघे कुरकुरतायत, बाकी बरी आहे.

उत्तर लवकर धाड, जीव टांगणीला लावू नकोस.

तुझी वैजयंताताई

एडमंटन, १४ डिसेंबर

प्रिय ताईस,
सप्रेम जय भीम.

फिल्टर स्वच्छ आहे, पाइप मोकळा. काल भट्टी परत बंद पडली. आतला दिवा नव्हता. घरातले बाकीचे दिवे मात्र चालू.

बर्फावर मी घसरले नव्हते, मनगट उदयनेच पिरगळलं होतं. काल मी विचारलं, नाताळला रुथकडे जाऊ का. त्याने केस धरून माझं डोकं कपाटाच्या कडेवर आपटलं. रक्त थांबेना तर म्हणाला, फरशी पुसून घे. मग वरच्या खोलीत जाऊन झोपला, तिथे त्याचा विजेचा हीटर आहे. मी आणि निकेत खाली, होते नव्हते ते कोट अंगावर घालून. तू आधी भट्टीचं तेवढं सांग ना. थंडी नसली की बाकीचं सोसेन मी.

रागावू नकोस, असू दे तुझी माया.

मानसी

हाटकेश, १६ डिसेंबर

मानसे,
जय भीम. आशीर्वाद शेवटी, आधी ऐक.

पत्र वाचलं आणि माझी सटकली. कारखान्यातून तशीच, हातात पाना घेऊन, शांती नगरला तुझ्या सासरी गेले. सुगंधाबाई, तुझ्या सासूबाई, म्हणाल्या की नवरा-बायकोत होतंच असं, आमचा उदय बापावर गेलाय. त्याचे बाबा चिडले की दोन थोबाडीत द्यायचे आणि मेन स्विच पाडायचे. सगळ्यांनी अंधारात, उकाड्यात बसायचं. सकाळी राग उतरला की चालू करायचे. हे त्या हसत सांगत होत्या गं! माझ्या डोक्यात तेव्हाच उजेड पडला. पाना त्यांच्या शोकेसवर घातला. उदयची सगळी बक्षिसं काचांसकट खाली आली. वॉचमन धरायला आला, त्याला हिंदीत सांगितलं की हात लावलास तर पुढचा नंबर तुझा.

तळघराच्या जिन्याशी भिंतीत भट्टीची वीज तोडायचं एखादं बटण आहे का बघ. दिव्याच्या बटणासारखंच असतं. ते बंद असेल तर भट्टी धडधाकट आहे, बाई. तो तुम्हाला गोठवतोय.

आमच्याकडे ज्याला भट्टीच्या आत उतरायचं असतं, तो मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली खिशात ठेवतो. आपला जीव दुसऱ्याच्या बोटावर ठेवायचा नसतो. निकेतला उचल, पासपोर्ट घे आणि रुथकडे जा. आईला मी सांगितलं. ती रडली नाही, तुमची गादी उन्हात घातलीय तिने.

तुम्हा दोघांना आशीर्वाद. नीघ.

ताई

एडमंटन, रुथचं घर, २२ डिसेंबर

प्रिय ताईस,
सप्रेम जय भीम.

बटण होतं. जिन्याच्या वरच्या पायरीपाशी, रोज माझा खांदा घासायचा त्याला.

मी भरलेली पिशवी शनिवारी उदयला सापडली. त्याने पट्ट्याने मारलं आणि जिन्याकडे निघाला. मी आधी पोचले. तुझ्यासारखं कुलूप नव्हतं, म्हणून बटणावर हातच ठेवून उभी राहिले. त्याने माझी बोटं एकेक करून उपटली, एक मोडलं. मग ढकललं. मी चार पायऱ्या खाली आपटले, बरगडी गेली. वर निकेत किंचाळला तसा तो त्याच्यावर धावला. बर्फ ओढायचं फावडं तिथेच होतं, ताई. मी वर चढले आणि त्याच्या गुडघ्यावर घातलं. तो खाली बसला तरी घातलं. निकेतला घेऊन अनवाणी रस्त्यावर आले. शेजारच्यांनी पोलीस बोलावले. उदय कोठडीत आहे. मला जराही वाईट वाटत नाही.

काल संध्याकाळी इथली भट्टी गप्प झाली. घर पुरेसं तापलं की ती आपोआप थांबते, गार झालं की परत लागते. एवढं मलाही ठाऊक होतं, तरी मी धावत जाऊन इथलं बटण बघून आले. निकेत रडला नाही. उठला, स्वतःचा कोट घातला, माझा ओढत आणून दिला. मग त्याने हळूच विचारलं, रुथमावशीने आज काय चूक केली.

थोड्या वेळाने भट्टी परत लागली. तो अजून कोट काढायला तयार नाही.

आईला म्हणावं, गादी आत घेऊ नकोस, आम्ही येतोय.

तुझीच,
मानसी