सरांना कसं तपासायचं

मुलुंड, १४ जानेवारी १९८६

प्रिय गुणाजी,

दादाचे आशीर्वाद, ते अजून बरीच वर्षं मिळतील असं दिसतं.

ऑपरेशननंतरचे किरणांचे शेक संपले. कॅन्सर पसरलेला नाही. एक अंड गेलं. संस्कृतच्या मास्तराचं द्विवचन गेलं म्हण.

डॉक्टरवर खटला भर, असं तू लिहिलंस. अरे, चंद्रप्रकाश माझाच विद्यार्थी. सरांना धोतर सोडायला कसं सांगायचं, म्हणून त्याने सहा महिने हात न लावता सुजेच्या गोळ्या दिल्या, आणि मीही सुटलो म्हणत त्या घेत राहिलो. तुझ्या वहिनीने मला ओढत दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं, म्हणून आज हे पत्र लिहितोय.

परवा तो घरी आला आणि माझे पाय धरून रडला. मी म्हटलं, "पाय कसले धरतोस? तिथे काही झालं नव्हतं रे."

तो हसला नाही. "सर, आता तपासू?"

मी दार लावून घेतलं. त्याने नीट तपासलं. पुन्हा गाठ येते का, ते पाहायला आता दर महिन्याला येणार आहे. कोर्टाने याहून मोठी शिक्षा दिली असती का?

आईला हर्नियाच सांग. तिचे गुडघे कसे आहेत?

तुझा, बराचसा शाबूत,
दादा