क्लेमच्या शेजारची जागा

क्वार्ट्झ क्रीक, व्हिक्टोरिया
१६ सप्टेंबर १९९१

प्रिय विन्समताई,
सा. न. वि. वि.

तू विणलेले मोजे पोचले. ते क्लेमच्या मापाचे आहेत. हाताला भावाचंच माप ठाऊक, त्याला तू काय करणार? मी घालते. बोटांपुढे थोडी जागा रिकामी राहते, एवढंच.

त्याच्या थडग्यावरची माती अजून बसलेली नाही, म्हणून दगड लावलेला नाही. दुपारी थर्मास घेऊन जाते. मॅगपाय पक्षी डोक्यावर झडप घालतात, म्हणून आइस्क्रीमचा रिकामा डबा टोपीसारखा घालते. नवऱ्याच्या थडग्याशी डबा घालून बसलेली बाई. तू हसली असतीस.

आता काळजीचं. त्याच्या शेजारी माझ्यासाठी राखलेल्या जागेत सूर्य-ऑर्किड वर आली आहेत. कळ्या निळ्या आहेत. या निळ्यांत एक जात साधी, रस्त्याकडेला कुठेही दिसणारी. दुसरी जवळजवळ संपलेली. पान तेच, देठ तोच, रंगही तोच. फरक फुलाच्या आत. साध्या जातीत फुलाच्या मधोमध असलेल्या टोपीसारख्या भागावर दोन पांढरे झुपके असतात, दाढीच्या ब्रशासारखे दाट. दुर्मीळ जातीत ते पिवळे आणि विरळ. तुझ्या भावाने हे मला इतक्यांदा दाखवलं की मी कंटाळायची. पण ऊन तापल्याशिवाय फूल उघडत नाही, आणि इथे आभाळ हलत नाही. कळी बोटाने उघडायची नाही, हा त्याचा नियम. तो मी मोडणार नाही.

दफनभूमीच्या समितीतला मरे ट्रेगेन्झा म्हणतो, साधं असेल तर नेहमीसारखं गवत कापू. दुर्मीळ असेल तर कुंपण, आणि तिथे कुदळ कधीच नाही. म्हणजे मी क्लेमशेजारी नाही. खाली खडक, त्यामुळे खोल खणून एकावर एक पेट्या ठेवायचीही सोय नाही. क्लेमच्या वेळीच पहारी वाकल्या. क्लेम गेल्यावर गावात हे ओळखणारी मीच उरले. मरे म्हणाला, थोरा, तू सांगशील ते.

तब्येत सांभाळ. लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.
तुझी थोरा

बर्नी, टास्मानिया
२४ सप्टेंबर

प्रिय थोरा,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू सांगशील ते, असं मरे म्हणाला ना? मग साधं आहे असं सांग आणि मोकळी हो. जन्मभर तू त्याचं घोरणं ऐकलंस, ही जागा तू कमावलीस. फूल काही तक्रार करायला येणार नाही. आमचा क्लेम मात्र वरून तोंड फिरवून बसेल, हे मलाही कळतं. लहानपणी याच फुलापायी त्याने माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होता. मी ते तोडून केसांत घातलं होतं.

एक सुचवते, रागावू नकोस. इकडे बरेच जण आता दहन करून घेतात. राखेला हातभर खड्डा पुरतो, नवऱ्याच्या पायाशीही ठेवता येते. वणव्यानंतर तू तुझ्या आईला शिवणाच्या अंगुस्तानावरून ओळखलंस, हे मी विसरलेले नाही. तुझ्या स्वयंपाकघरात अजून काडी पेटत नाही, विजेची शेगडी आहे, हेही ठाऊक आहे. म्हणून एकदाच लिहिलं. पुन्हा लिहिणार नाही.

मोजे पाठव, पुढून उसवून देते.
तुझ्यावर माया करणारी,
विन्सम

क्वार्ट्झ क्रीक
४ ऑक्टोबर

प्रिय विन्समताई,
सा. न. वि. वि.

काल ऊन पडलं. मी सकाळपासून बसून होते. मरे गवत कापायचं यंत्र घेऊन आला आणि फाटकाशीच थांबला. दुपारी वरची कळी सैल झाली, मग तिच्याखालची. मी गुडघ्यांवर बसून क्लेमचं भिंग लावलं.

पांढरं दिसावं असं मला फार वाटत होतं. भिंग पुसून पुन्हा पाहिलं. मरेने लांबून विचारलं, काय गं? त्याला तिथून काहीच दिसत नव्हतं. मी काहीही सांगू शकले असते. मी म्हणाले, "पिवळे."

त्याने टोपी काढली. यंत्र गाडीत चढवलं आणि संध्याकाळी जाळी व खुंट घेऊन आला. खुंट ठोकताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या टोकाला, निलगिरीच्या झाडाखाली चांगली जागा आहे, असं म्हणाला. मी नको म्हटलं.

त्याला सांगून ठेवलं आहे, मला जाळा. क्लेमच्या पायाशी हातभर खणा, कुंपणाच्या बाजूने नको.

वणवा गेलेल्या रानात हे फूल पुढच्या वसंतात जास्त येतं, असं क्लेम सांगू लागला की मी उठून आत जायची. त्याला वाटायचं, मला कंटाळा आला. भीती अजून गेलेली नाही, ताई. तू मोठी आहेस, तरी माझ्याआधी जाऊ नकोस. त्या दिवशी दहनगृहाच्या दाराशी तू उभी राहा. तिथपर्यंत मला एकटीने जायचं नाही.

मोजे उसवायला पाठवत नाही. तसेच राहू देत.

लोभ असाच, शेवटपर्यंत असू दे.
तुझी थोरा