कपाटाची किल्ली

शनिवार, संध्याकाळ

शेवंताबाई येऊन गेल्या, तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. त्यांची मयुरी आमच्या क्रीडा मंडळाच्या मैदानावर कबड्डी खेळताना कोसळली. हृदय बंद पडलं. शॉक देणारं मशीन ऑफिसातच होतं, पण कपाटाला कुलूप, आणि किल्ली घेऊन सेक्रेटरी अण्णा जयगडला लग्नाला गेलेले. कुलूप तोडेपर्यंत उशीर झाला.

"बाय, तू वकील. सांग, चूक कोनाची?"

काय सांगणार? असं मशीन ठेवायलाच हवं, असा कायदा मला तरी सापडला नाही. पण ठेवलं आणि कोंडून ठेवलं, तर? निष्काळजीपणाचा दावा उभा राहील. उभं कुणाला करायचं? अण्णांना? मशीनसाठी दारोदार फिरले ते अण्णाच. दसऱ्याला पूजा करून त्यांनीच त्याला झेंडूचा हार घातला, आणि पोरांनी हात लावू नये म्हणून कुलूपही. कपाट फोडलं तेव्हा तो सुकलेला हार मशीनवर तसाच होता. तो हार डोळ्यांपुढून हलत नाही.

शेवंताबाई जाताना म्हणाल्या, "अण्णांस्नी शिक्षा नको. दुसऱ्या कोनाचं पोर जाऊ नये, येवढंच बघ."

लगेच अण्णांना फोन केला. खिडकीतून पोरींचं "कबड्डी, कबड्डी" ऐकू येत होतं. सराव पुन्हा सुरू झालाय.

"गणपतीपुळ्याला आलोय गं," अण्णांचा आवाज रडवेला. "घरात चैन पडेना."

"आणि मशीन?"

"त्याची काळजी नको. नवं मजबूत कुलूप लावलंय. किल्ली माझ्याच खिशात आहे."