शेतकरी कुठाय?

दिंडोरी,
१० मे २००४

आदरणीय दाजी आणि अक्का,
सावळीरामचा दोघांनाही वाकून नमस्कार.

दाजी, गुडघा काय म्हणतो? अक्काचं गोड खाणं सुटलं का? (सुटलं नसेल तर हे वाक्य तिला वाचून दाखवू नका.) इकडे सगळे खुशाल. महाराष्ट्र दिनी टीव्हीवर मी धोतर सावरत पळताना दिसलो, त्याचा खुलासा करायला हे पत्र.

द्राक्षं काढणीला आली तेव्हा मुंबईहून टीव्हीची माणसं 'अस्सल मराठी शेतकरी' टिपायला आली. मी इस्त्रीचा सफारी घालून, सेंट मारून ट्रॅक्टरवर बसलेलो. त्यांच्या मुख्य बाईंनी विचारलं, "शेतकरी कुठाय?"

म्हटलं, "मीच."

"तसा नाही हो, खरा!"

मग मला धोतर आणि फेटा चढवला, ट्रॅक्टर कडब्याखाली झाकला आणि शेजारच्या पुंजाचा बैल आणवला. चांगुणेला (जन्मभर सहावारी नेसलेली) नऊवारीत असं टाचलं की बिचारीला बसता येईना. महाराष्ट्राला समुद्रही आहे म्हणून आमच्या चैतालीला कोळीण करून डोक्यावर बोंबलांची पाटी दिली. द्राक्षबागेत, दाजी!

नेमके तेव्हाच ओझरचे पाहुणे चैतालीला बघायला आले. (ते त्या दिवशी येणार हे मी विसरलो होतो. चांगुणेचा अबोला त्यामुळेच आहे.) मुलगा रवी विमान कारखान्यात फिटर, वडील कट्टर शाकाहारी. त्यांनी बोंबलांकडे बघून नाकाला रुमाल लावला. बाई म्हणाल्या, "वा, गावकरीही आले!" आणि त्यांच्या हातात तुतारी दिली. त्यांनी ती जीव तोडून फुंकली. बैल उधळून द्राक्षांच्या मांडवात घुसला. बैलामागे मी, माझ्यामागे कॅमेरा! माझा हाताशी आलेला माल डोळ्यांदेखत तुडवला जात होता, आणि बाई ओरडत होत्या, "छान, असंच पळा!" शेवटी चैतालीनं पाटी भिरकावून बैलाची वेसण धरली. शेपटीला लोंबकळत रवी म्हणाला, "बाबा, मुलगी पसंत आहे!"

एक मेला गाव टीव्हीपुढे जमलं. 'अस्सल मराठी शेतकरी' म्हणून तुतारी फुंकणारे आमचे व्याही दिसले. मातीबद्दल बोललेसुद्धा. (त्यांच्या घरी कुंडीसुद्धा नाही.) मी पळत होतो, आणि खाली लिहिलं होतं : बैलपोळ्याचा उत्साह. असल्या लोकांना मी पुन्हा बांधावर उभं करणार नाही.

आपला,
सावळीराम

ता. क. : लग्न दिवाळीनंतर. दोघांनी यायचंच.

आणखी एक : त्याच बाईंचा फोन आला होता. पंधरा ऑगस्टसाठी त्यांना 'अस्सल पंजाबी शेतकरी' हवाय, पण पंजाब लांब पडतो, म्हणून पुंजाच्या मक्यात उरकणार आहेत. व्याह्यांना कळण्याआधी मी हो म्हणून टाकलं. तुम्ही जालंधरलाच आहात, तर एक पगडी पाठवा, आणि ती बांधायची कशी तेही लिहा. दाढी राखायला घेतलीय. चांगुणेला नवस आहे म्हणून सांगितलंय.