वाकड्या टाक्यांचं रुखवत

बुलढाणा
५ जानेवारी २०२५

चि. वैजनाथ यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली भेट एस.टी.च्या कंडक्टरने सुखरूप आणून दिली. कोल्ड्रिंकची बाटली आडवी कापून, आत माती भरून आणि दोरी बांधून तू तिला टांगती कुंडी म्हटलं आहेस, म्हणून मीही तसंच म्हणते. ती गॅलरीत टांगली. शेजारच्या कलाबाई येऊन विचारून गेल्या की, कचरा आता वरतं टांगा लागते काय, नवीन नियम निघाला काय.

निवृत्त माणसाने हात चालता ठेवावा, हे मान्य. पण तहसील कचेरीतल्या पस्तीस वर्षांत तू टाचणीशिवाय कशाने काही जोडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आणि आता म्हणे इराच्या लग्नातलं रुखवत तू घरी, स्वतःच्या हाताने करणार. अरे, रुखवतात मुलीच्या घरची कलाकुसर चारचौघांपुढे मांडतात. वरपक्षाच्या बायका चष्मे पुसून ती बघायला येतात. अकोल्याचे व्याही तुझी बाटली बघून काय म्हणतील, याचा विचार केलास का? हल्ली सगळं रुखवत भाड्याने मिळतं, झुंबरासकट.

आणि रेणुका? तिच्या पलंगाजवळून बोलतोस म्हणून फोनवर तुझं नुसतं हो आणि बरं चालतं. इरा सांगत होती की आई लग्नाच्या हॉलवर यायलाच तयार नाही. खरं काय ते कागदावर लिही.

उत्तर लवकर दिलंस तर लोभ जरा वाढवीन.

तुझी ताई
स्नेहलता


खामगाव
११ जानेवारी २०२५

ती. ताईस वैजनाथचा शि. सा. न. वि. वि.

इराने सांगितलं ते खरं आहे. आषाढात अर्धांगवायूचा झटका आला तेव्हापासून रेणुकाचा उजवा हात पडूनच आहे आणि तोंड एका बाजूला वळलंय. शब्द जड येतात, म्हणून तिने बोलणंच सोडलं. पाणी हवं असेल तर तांब्याकडे बघते. इराला तिने कसंबसं एवढंच सांगितलं की, लोकं पोरीले सोडून माह्याकडे पाहतीन, मी घरीच राहीन. मग भिंतीकडे तोंड केलं. इरा मोरीत जाऊन रडली. मला रडायला जागा शिल्लक नव्हती, म्हणून मी गच्चीवर गेलो.

ताई, या गल्लीतल्या चाळीसेक मुलींचं रुखवत रेणुकाने केलंय. तिच्या स्वतःच्या मुलीचं भाड्याने आणलेलं मला सहन व्हायचं नाही. शिवाय ती मांडवात नसेल तर मी कन्यादान कोणत्या तोंडाने करू? ती उठायला हवी, बाकी मला काही नको. म्हणून सगळा पसारा तिच्या पलंगाशेजारी मांडलाय. आइस्क्रीमच्या काड्यांची झोपडी झाली. फोटो इराच्या मोबाइलवरून पाठवतो. थोडी कललीय, पण आमच्या कचेरीची इमारतसुद्धा कललेलीच होती आणि तिच्यात मी पस्तीस वर्षं काढली.

लोभ असावा, आणि झोपडीबद्दल बोलताना तो आठवावा.

तुझा
वैजनाथ


बुलढाणा
१७ जानेवारी २०२५

चि. वैजनाथ यास आशीर्वाद.

झोपडी पाहिली. तिच्या बाजूला तलाठी उभा करून पंचनाम्याचा कागद हातात दिलास तर देखावा पूर्ण होईल.

चेष्टा पुरे. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. रेणुका माझ्या भावाची बायको आहे, पण मनात मी तिला धाकटी बहीणच धरलंय. ती लग्नाला नसेल तर मीही पहिल्या पंगतीला बसणार नाही. मी मुख्याध्यापिका होते त्या शाळेतल्या हस्तव्यवसायाच्या कपाटातून उरलेले मणी, लोकर आणि सुया पाठवते आहे. सुईचं टोक कोणत्या बाजूला असतं, ते तिला विचार.

भाड्याचं रुखवतही सांगून ठेवते. तुझं कोसळलं तर काहीतरी मांडायला हवं ना. रागावू नकोस. माझी माया आहे, पण डोळेही आहेत.

तुझी ताई


खामगाव
२९ जानेवारी २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

भाड्याचं रुखवत रद्द कर. कारण असं घडलं.

गेल्या आठवड्यात जुन्या साडीच्या काठाचा बटवा शिवत होतो. तिन्ही बाजू झाल्या, हात रंगात आला होता, आणि चौथीही शिवून टाकली. बटव्याला तोंडच राहिलं नाही. पलंगावरून आधी एक मोठा श्वास ऐकू आला. मग ती म्हणाली की, हे काय करून राह्यले तुम्ही, तोंडच शिवून टाकलं, उसवा आधी. सहा महिन्यांनी एवढं एका दमात. शब्द जाड होते, पण एकूण एक कळला. मी उसवायला घेतलं, पण डोळ्यांत पाणी होतं म्हणून बोटच टोचून घेतलं. त्यावरूनही बोलली.

तेव्हापासून मी मुद्दाम चुकतोय. सजवलेल्या नारळांतल्या नवरीला मिशा काढल्या. तोरणातली आंब्याची पानं देठ खाली करून ओवली. धावदोरा सांगितला की उलटा टाका घालतो. दर चुकीला निदान चार वाक्यं मिळतात. काल मला बैल म्हणाली. लग्नाला तीस वर्षं झाली, एवढा आनंद मला दुसऱ्या कशाने झालेला आठवत नाही.

पण हॉलवर येण्याचं काढलं की पुन्हा भिंत. रुखवत संपत आलंय आणि सोळा फेब्रुवारी तोंडावर आहे. काय करावं ते सुचत नाही. हे पत्र वाचून फाडून टाक. मुद्दाम चुकतो हे तिला कळलं तर बोलणं बंद होईल, ही मला धास्ती आहे.

तुझा
वैजनाथ


बुलढाणा
२० फेब्रुवारी २०२५

चि. वैजनाथ यास अनेक आशीर्वाद.

लग्नघाईत तुला घरची हकिकत सांगायची राहिली, ती घे.

तुम्ही सगळे हॉलवर गेलात आणि मी रेणुकाजवळ थांबले. ती भिंतीकडे, मी तिच्या पाठीकडे बघत बसले होते. एवढ्यात मोबाइलवर तू पाठवलेला फोटो आला, रुखवत मांडून झालं म्हणून. नवरा-नवरीचे नारळ पाठीला पाठ लावून बसलेले, जणू वाटणीचा दावा चालू आहे. सप्तपदीच्या पावलांत सातवं पाऊल पहिलं. तुळशीवृंदावन थेट अनारशांच्या ताटात. माझ्या लगेच लक्षात आलं, पण चेहऱ्यावर मी काही दिसू दिलं नाही. शाळा चालवलेली बाई आहे मी. फोन तिच्यापुढे धरला आणि एवढंच म्हटलं की अकोल्याची मंडळी अर्ध्या तासात रुखवत बघायला येतील.

ती तुझ्याबद्दल जे बोलली ते तू माझा धाकटा भाऊ असल्याने लिहीत नाही. मग उठून बसली आणि मोरपंखी साडी काढायला सांगितली. ऑटोत सगळी वाट तुझाच उद्धार चालला होता. हॉलवर दोनशे माणसं होती. ती माझा हात धरून, पाय ओढत त्यांच्यामधून टेबलापर्यंत गेली आणि डाव्या हाताने एकेक वस्तू नीट लावताना तुला मोठ्याने बोलत राहिली. विहीणबाईंनी विचारलं की केलं कोणी, तर म्हणाली की, हात ह्यायचे, डोकं माह्यं. मग मंगलाष्टकं संपेपर्यंत इराच्या मागे उभी होती. माझ्या अक्षता कुठे पडल्या ते मला दिसलं नाही.

शाळेच्या नाटकात झाडाचं काम विसरलेला तू, या वयात एवढं नाटक वठवलंस. मान गए. माझा लोभ आता तुला फुकट.

तुझी ताई


खामगाव
२ मार्च २०२५

ती. वन्संस रेणुकाचा सा. नमस्कार.

अक्षर डाव्या हाताचं आहे. तांबडी शाई बाजूला ठेवून वाचा. हे बाजारात गेलेत, म्हणून घाईत लिहिते.

इरा सुखात आहे. विहीणबाईंचा फोन येतो, त्यांना माझं बोलणं कळतं. नाही कळलं तर पुन्हा विचारतात, त्याचं मला आता काही वाटत नाही.

बटव्याचं तोंड ह्यांनी खरंच शिवलं होतं. त्यानंतरचं सगळं सोंग होतं, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. चुकणारा माणूस चुकण्याआधी कोणाकडे बघत नाही. हे प्रत्येक वाकड्या टाक्याआधी माझ्याकडे बघायचे, मी बघतेय ना म्हणून. नारळ उलटे का बसले तेही मला फोटोतच कळलं होतं. खूप लाज वाटत होती, वन्सं, तरी आले. इतका खटाटोप करून बोलावणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

आता ह्यांनी तुमच्यासाठी उशीचे अभ्रे शिवायला घेतलेत. जसे येतील तसे वापरा आणि पत्रात त्यांची भरपूर टर उडवा.

आहे तो लोभ तसाच राहू द्या.

तुमची
रेणुका

ता. क. : मला कळलंय हे ह्यांना सांगू नका. नीट शिवायला लागतील, आणि मग मी दिवसभर बोलू कोणाशी?