पाच प्रतिज्ञा, एक माईक

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून मी स्वतःला स्वीकारलं. मोबाइलवर सात मिनिटांचा व्हिडिओ होता. आरशासमोर उभं राहून मोठ्यानं म्हणायचं होतं. मी मनात म्हटलं. मी, यशपाल, वय एकतीस, बोलताना अडखळतो. काही वाटलं नाही. म्हणजे जमलं.

दोन मार्चला लग्न. मुलगी माढ्याची, प्रतिक्षा. तिला माझं अडखळणं माहीत नाही. बघायला गेलो तेव्हा सगळी उत्तरं आईनंच दिली. मुलगा शांत आहे, यावर तिच्या घरच्यांचं एकमत झालं. या आठवड्यात तिला स्वतः सांगणार. फायनल.

६ फेब्रुवारी, दुपारी १.१०
प्रतिक्षाचा कॉल. उचलला नाही. 'मीटिंग चालू आहे' असा मेसेज टाकला. कॉलेजच्या ऑफिसात क्लार्कला कसली मीटिंग. माझ्या खिडकीवर मीच चिठ्ठी लावली आहे, 'चौकशीसाठी फलक वाचावा.' फलक अजून केलेला नाही. मुलं शेजारच्या खिडकीत जातात. सिस्टीम छान चालली आहे.

९ फेब्रुवारी, रविवार
एसटीनं माढ्याला जाऊन तिला हॉटेलात भेटलो. वाक्य पाठ होतं: मला बोलायला त्रास होतो. 'म'वरच अडकलो. ओठ मिटले ते मिटलेच. मग खोकलो. तिनं पाणी दिलं, घसा बसलाय का विचारलं. मी मान हलवली. चहा हवा होता, पण 'च' अवघड, म्हणून लस्सी मागवली. सोलापुरात परत येईपर्यंत घसा खरंच बसला. म्हणजे खोटं काही बोललेलो नाही.

१७ फेब्रुवारी
लग्न लावणारे बौद्धाचार्य रावसाहेबमामा घरी आले. नवऱ्यानं बायकोला द्यायच्या पाच प्रतिज्ञा माईकवर एकट्यानं म्हणायच्या असतात. विसरलोच होतो. 

सायंकाळी ६
उपाय सापडला. बुद्धवंदनेत सगळ्यांबरोबर म्हणताना मी कधीच अडखळत नाही. मामांना कागदावर लिहून दाखवलं: हॉलमधल्या सगळ्या पुरुषांनी प्रतिज्ञा माझ्याबरोबर म्हणाव्यात, समाजात चांगला मेसेज जाईल. मामा खूश. "लई भारी हाय की," म्हणाले. हा पळपुटेपणा नाही. हे प्रबोधन आहे.

२६ फेब्रुवारी
तिला सांगायचं राहिलं. आता ऐन लग्नात तिच्या डोक्याला ताप नको. लग्नानंतर सांगणं जास्त प्रामाणिक.

२ मार्च, सायंकाळी
जमलं. कुंभारी रोडच्या हॉलमध्ये दीडशे पुरुषांनी एका सुरात प्रतिक्षाचा आयुष्यभर सन्मान राखायचं वचन दिलं. तिच्या काकांनीसुद्धा. केटरिंगवाल्यांनीसुद्धा. मी एकदाही अडखळलो नाही.

मग तिनं तिच्या पाच प्रतिज्ञा एकटीनं म्हटल्या. मध्ये एकदा विसरली, गप्प राहिली, परत म्हणाली. कुणी हसलं नाही. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

३ मार्च, सकाळी ८
चहा देताना प्रतिक्षानं सांगितलं, माझं अडखळणं तिला बघण्याच्या दिवसापासूनच ठाऊक होतं. माझ्या आईनंच त्यांच्या स्वयंपाकघरात तिच्या कानावर घातलं होतं. तिची काही तक्रार नव्हती.

"काल मी तुमचा आवाज शोधत होते," ती म्हणाली. "एवढ्या गलक्यात कळलाच न्हाय. पाचच वाक्यं होती. मी थांबले असते की."

उत्तर द्यायला तोंड उघडलं. शब्द येईना. ती थांबली. चहावर साय धरली तरी थांबली होती. माझ्यासाठी असं कुणी थांबलेलं मला सहन होईना. कप उचलून गॅलरीत आलो. ती अजून आतच बसली आहे.