पितळेची खीळ

मी, इद्रिस गनी मिस्तरी, वय एकोणसत्तर, राहणार नंदुरबार, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. पाडायला हवे होते, नऊ वर्षांपूर्वी.

१. घर व बँकेतील ठेव शरियतप्रमाणे पत्नी मेहरुन्निसा, मुलगा फुरकान व मुलगी तबस्सुम यांच्यात वाटावी. मेव्हणा जावेद याने नेलेला सतरा नंबरचा पाना मागू नये. मागून मागून माझी जीभ झिजली.

२. माझी हत्यारांची पेटी दिलवरसिंग, राहणार मणिबेलीकडचा पाडा, यास द्यावी. कारण लिहिणे भाग आहे.

दिलवरसिंगाचे जुने घर धरणाच्या पाण्याखाली गेले. त्याच पाण्यावर तो पाड्याची बोट चालवी आणि बुडालेले गाव आठवून वळणे घेई: इथे काकाचे घर, इथे आमचा महू, म्हणजे अंगणातले मोहाचे झाड. इंजिनाची देखभाल माझ्याकडे होती. कधी गाळाने पंप तुंबे, कधी डिझेलमध्ये पाणी शिरे. सगळ्यांत जास्त छळले ते पंख्याच्या दांड्यातल्या पितळेच्या खिळीने. पाण्याखालचा पंखा बुडालेल्या झाडाच्या खोडाला लागला की ती तुटते. तुटण्यासाठीच असते ती, म्हणजे बाकीचे वाचते. पण ती तुटली की मला बोलावणे येई. बस, मग जीप, मग होडी. दोन दिवस घालवून दहा मिनिटांचे काम. दिलवरसिंग म्हणे, मला शिकवा. मी शिकवले नाही. तो शिकला असता तर मिस्तरी कोण राहिला असता?

एका उन्हाळ्यात पंधरवड्यात तिसऱ्यांदा गेलो तेव्हा माझे डोके फिरले. पितळेच्या जागी पोलादी बोल्ट ठोकला आणि कोणाला सांगितले नाही.

आठ दिवसांत पंखा त्या महूला लागला. बोल्ट तुटला नाही. दांडा उखडला, तळ फुटला. माणसे दुसऱ्या बोटीने वाचली, धान्य बुडाले. पंचांनी मला विचारले. मी म्हणालो, "इंजिन ठीक होते. चालवणारा चुकला." माझ्या शब्दाला तिथे मान होता. दिलवरसिंगाच्या हातून बोट गेली. आपल्याच अंगणातले झाड विसरला, म्हणून लोक हसले. तेव्हापासून तो गुजरातेत ऊसतोडीला जातो.

वाकलेला बोल्ट मी गुपचूप काढून आणला. तो पेटीच्या तळाशी आहे. मला लाज वाटते. नमाजाला वाकलो की तोच डोळ्यांपुढे येतो.

३. ~~हे सर्व माझ्या दफनानंतर फुरकानने पाड्यावर वाचून दाखवावे.~~

कलम ३ मी खोडले आहे. वकील हेमकांत यांनी मसुदा वाचून एवढेच विचारले, "मेल्यावर का, मिस्तरी?" म्हणून आज त्यांना व फुरकानला घेऊन पाड्यावर आलो आणि पंचांसमोर स्वतः वाचले. दिलवरसिंग साक्षीला राहिला, आणि साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये, असे वकील सांगतात. म्हणून पेटी दिलवरसिंगाच्या हाती आत्ताच दिली. कलम २ संपले.

त्याने पेटीच्या तळातून बोल्ट काढून हातात फिरवला. मग म्हणाला, "महू माले याद व्हता, भाई. पाणी उतरेल व्हतं. म्हनलं, पंखा घासायना तरी तुम्हनी खीळ तुटी जाई."

सही करतो.

इद्रिस गनी मिस्तरी
ठिकाण: नर्मदाकाठ, ता. अक्कलकुवा, जि. नंदुरबार
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार:
१. हेमकांत, वकील, नंदुरबार
२. दिलवरसिंग. धंदा विचारला असता त्याने सांगितला तसा लिहिला: बोट चालवणे.